तुरुंगाच्या दारात उमेदवार

१९९२ सालच्या मार्चमधलं एक छायाचित्र, अमेरिकेतल्या तुरुंगांची आणि निवडणुकांची चर्चा निघाली की आजही पुढे येतं. जॉर्जिया राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, अगदी तोंडावर आलं होतं. आर्कान्सॉचे गव्हर्नर बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झटत होते आणि प्रचारातल्या एका भेटीसाठी त्यांनी स्टोन माउंटन इथला तुरुंग निवडला. छायाचित्रात पुढे क्लिंटन, जॉर्जियाचे गव्हर्नर झेल मिलर आणि सिनेटर सॅम नन असे कोट घातलेले गोरे नेते आहेत. त्यांच्या मागे पांढऱ्या गणवेशातले कैदी ओळीने उभे आहेत. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. ज्या डोंगरावरून या जागेला नाव पडलं, त्याच्या माथ्यावर १९१५ मध्ये कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेची पुन्हा स्थापना झाली होती आणि त्याच्या कड्यावर यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या नेत्यांचं भव्य शिल्प कोरलेलं आहे. उमेदवारीच्या स्पर्धेतले प्रतिस्पर्धी जेरी ब्राउन यांनी या भेटीवर तेव्हाच जाहीर टीका केली. तरीही जॉर्जियात क्लिंटन जिंकले आणि वर्षअखेर राष्ट्राध्यक्षपदी निवडूनही आले. ज्यांना मागे उभं केलं होतं, त्यांना त्या निवडणुकीत मत नव्हतं.

प्रचाराची जागा सहसा योगायोगाने ठरत नाही. उमेदवार येण्याआधी त्याची माणसं तिथे जाऊन येतात, कॅमेरे कुठे लागतील ते पाहतात, आणि उमेदवाराच्या पाठीमागे चौकटीत कोण दिसेल हेही ठरवतात. कारखान्यात, शेतात, शाळेत किंवा देवळात उभा राहिलेला उमेदवार तोंड उघडण्याआधीच काहीतरी सांगून मोकळा झालेला असतो. रोनाल्ड रेगन यांनी १९८० च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत राज्यांच्या अधिकारांवर भाषण केलं. तिथून जवळच १९६४ मध्ये नागरी हक्कांच्या तीन तरुण कार्यकर्त्यांची हत्या झाली होती. त्या भाषणाचा अर्थ काय घ्यायचा, यावर चार दशकं वाद चालला आहे, आणि त्या वादाचं मूळ शब्दांइतकंच जागेत आहे. म्हणून शिक्षा झालेल्या माणसांना दुसरी संधी द्यायची की नाही, या प्रश्नावर एखाद्या नेत्याची भूमिका तपासताना तो कुठे उभा राहिला हे पाहणं योग्यच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. तिथे त्या माणसांना कोणत्या नात्याने उभं केलं होतं, हे त्याहून महत्त्वाचं. माझं म्हणणं असं, की हे नातं उमेदवाराच्या चांगुलपणावर ठरत नाही, मताच्या हक्कावर ठरतं. ज्याच्या हाती मत नाही, त्याचा प्रचारात देखावा होतो. म्हणून शिक्षा संपताच मताचा हक्क परत मिळणं ही दुसऱ्या संधीची पहिली पायरी आहे. वागणूक सुधारल्यावर शेवटी द्यायचं ते बक्षीस नव्हे.

क्लिंटन स्टोन माउंटनला का गेले, हे समजून घ्यायला चार वर्षं मागे जावं लागतं. १९८८ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार मायकेल डुकाकिस यांच्याविरुद्ध विली हॉर्टन या कैद्याचा चेहरा टीव्हीवरच्या जाहिरातीत झळकला. खुनासाठी जन्मठेप भोगणारा हॉर्टन मॅसॅच्युसेट्सच्या तुरुंगातून १९८६ मध्ये शनिवार-रविवारच्या सुटीवर बाहेर पडला आणि परतलाच नाही. पुढच्या वर्षी मेरिलंडमध्ये त्याने एका जोडप्यावर हल्ला केला, त्यातल्या तरुणीवर बलात्कार केला. कैद्यांना सुटी देण्याची ती योजना मुळात डुकाकिस यांच्या आधीच्या रिपब्लिकन गव्हर्नरांच्या काळात सुरू झाली होती, पण खुनाच्या कैद्यांना तिच्यातून वगळणारं विधेयक डुकाकिस यांनी रोखलं होतं. ते हरले. गुन्हेगारांबद्दल मऊ असल्याचा शिक्का बसला की निवडणूक गेली, असा धडा त्यांच्या पक्षाने घेतला. स्टोन माउंटनचा कार्यक्रम त्या शिक्क्यावरचा उतारा होता. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की पहिल्यांदा गुन्हा केलेल्या तरुणांना लांबच्या कैदेऐवजी काही महिने लष्करी शिस्तीच्या छावणीत ठेवून मार्गावर आणायचं, ही तिथे राबवली जाणारी कल्पना त्या काळात दुसरी संधी म्हणूनच मांडली जात होती. म्हणजे शब्द संधीचे होते आणि चित्र धाकाचं. पुढे अशा छावण्यांवर बरीच संशोधनं झाली. तिथून बाहेर पडलेले तरुण इतर कैद्यांपेक्षा कमी गुन्हे करतात, असं काही त्यातून दिसलं नाही.

कायदा मात्र चित्राप्रमाणे झाला. सप्टेंबर १९९४ मध्ये क्लिंटन यांनी सही केलेल्या गुन्हेविषयक कायद्यात नवे तुरुंग बांधायला राज्यांना अब्जावधी डॉलर होते आणि शिक्षेचा मोठा भाग तुरुंगातच काढायला लावणाऱ्या राज्यांना उत्तेजन होतं. त्याच कायद्याने कैद्यांना पेल ग्रँट, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी मिळणारी सरकारी मदत, बंद केली. तुरुंगात पदवी घेणारा माणूस बाहेर पडल्यावर परत गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता कमी, हे अनुभवाने दिसत होतं. रँड या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून तेच दाखवलं. तरी ही मदत पूर्ववत व्हायला २०२३ चा जुलै उजाडला. जवळजवळ तीस वर्षं तुरुंगातले वर्ग ओस पडले किंवा देणग्यांवर कसेबसे चालले. या काळात देशातल्या कैद्यांची संख्या वाढत वाढत तेवीस लाखांच्या आसपास पोचली. एकट्या १९९४ च्या कायद्याला त्याचा दोष देता येणार नाही. अमेरिकेतले बहुतेक कैदी राज्यांच्या कायद्यांखाली असतात आणि वाढ आधीच सुरू झाली होती. पण त्या कायद्याने परिस्थिती आणखी बिघडवली, हे स्वतः क्लिंटन यांनी जुलै २०१५ मध्ये फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या हक्क-संघटनेच्या अधिवेशनात जाहीरपणे कबूल केलं.

त्याच फिलाडेल्फियात चार वर्षांनी प्रचाराची दुसरी जागा दिसली. ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हा १८२९ मध्ये उघडलेला तुरुंग. मधल्या चौकातून चाकाच्या आऱ्यांसारख्या कोठड्यांच्या लांब रांगा निघतात. प्रत्येक कैद्याने एकट्याने, बोलाचालीशिवाय, पश्चात्तापात दिवस काढावेत अशी रचना. चार्ल्स डिकन्सने १८४२ मध्ये हा तुरुंग पाहिला आणि एकांतवासाच्या या क्रौर्यावर कडाडून लिहिलं. १९७१ मध्ये तुरुंग बंद झाला. आज तिथे संग्रहालय आहे, पापुद्रे सुटलेल्या भिंती आणि गंजलेली दारं तशीच ठेवलेली आहेत. २८ ऑक्टोबर २०१९ रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले कमला हॅरिस, कोरी बुकर आणि टॉम स्टायर इथे आले. या वेळी बोलावणं शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांच्या संघटनांचं होतं. कार्यक्रम चालवणारे आणि प्रश्न विचारणारे स्वतः तुरुंगवास भोगलेले होते, समोर बसलेल्यांत तशीच माणसं आणि त्यांचे कुटुंबीय होते. हॅरिस पूर्वी सरकारी वकील आणि कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्ता होत्या; ज्यांच्यावर खटले चालतात, त्या बाजूच्या माणसांपुढे त्यांना आपल्या कामाचा जाब द्यायचा होता. स्टोन माउंटनला नेते बोलत होते आणि कैदी गप्प उभे होते. इथे यजमान बदलले होते.

सत्तावीस वर्षांत काय बदललं? गुन्ह्यांचं प्रमाण घटलं, तुरुंगांचा खर्च दोन्ही पक्षांना डोईजड झाला, हे खरंच. पण या माणसांना यजमानाची जागा मिळाली ती त्यांनी मतदार म्हणून स्वतःला उभं केल्यामुळे. पेन्सिल्व्हेनियात तुरुंगातून सुटलेल्या माणसाला मत देता येतं, पॅरोलवर असला तरीही. समोर बसलेल्या त्या राज्यातल्या माणसांपैकी कितीतरी जणांचं मत पुढच्या वर्षी मोजलं जाणार होतं. अमेरिकेत हा हक्क राज्यागणिक बदलतो. मेन आणि व्हर्मॉन्ट या राज्यांत तुरुंगातूनसुद्धा मत टाकता येतं; काही राज्यांत सुटल्यावर, काहींत पॅरोल संपल्यावर, तर काहींत विशिष्ट गुन्ह्यांसाठी जन्मभर बंदी. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये अशी बंदी घटनेत बसते असा निकाल दिला, तो अजून कायम आहे. फ्लोरिडात तर १८६८ च्या राज्यघटनेपासून गंभीर गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्याचा हक्क आयुष्यभरासाठी जात असे. तो परत हवा असेल तर गव्हर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे अर्ज करायचा. वर्षातून चार वेळा सुनावणी, आणि तीही आधी अनेक वर्षं वाट पाहिल्यावर. दारू पिता का, गाडी चालवताना किती वेळा दंड झाला, असे प्रश्न तिथे विचारले जात, आणि निर्णयाला कसलेही निकष नव्हते.

ही पद्धत मोडली ती फ्लोरिडाच्या मतदारांनी. स्वतः शिक्षा भोगलेल्या डेसमंड मीड यांच्या पुढाकाराने लाखो सह्या गोळा झाल्या आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यघटनेची दुरुस्ती क्रमांक ४ मतदानाला आली. खून आणि लैंगिक गुन्हे वगळता, शिक्षेच्या सर्व अटी पूर्ण केलेल्यांना मताचा हक्क आपोआप परत मिळावा, एवढंच तिचं म्हणणं. मंजुरीसाठी ६० टक्के मतं लागत होती. ६४ टक्क्यांहून अधिक मिळाली. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी रॉन डीसँटिस यांना गव्हर्नर म्हणून अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने निवडून दिलं. म्हणजे दुरुस्तीला होकार देणाऱ्यांत रिपब्लिकन मतदार मोठ्या संख्येने होते. सुमारे चौदा लाख माणसांना हक्क परत मिळणार होता. पण पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला, की शिक्षेच्या अटींमध्ये दंड, न्यायालयाचं शुल्क आणि नुकसानभरपाई सगळंच येतं. पूर्ण रक्कम फेडल्याशिवाय मत नाही. कोणाकडे किती बाकी आहे, याची राज्यभराची एकत्रित नोंद सरकारकडे नव्हती. काउंटी न्यायालयांच्या दशकांपूर्वीच्या कागदांत ती विखुरलेली होती. संघराज्याच्या न्यायाधीशांनी मे २०२० मध्ये ही पैसे भरून मत देण्याची व्यवस्था आहे असं म्हणत तिला मोडता घातला. सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने सहा विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला. साडेसात लाखांहून अधिक माणसं या थकबाकीपायी अडकल्याचा अंदाज न्यायालयापुढे मांडला गेला होता.

आणि मग आली तिसरी जागा. १८ ऑगस्ट २०२२, राज्यातली प्रायमरी पाच दिवसांवर, नोव्हेंबरात डीसँटिस यांची स्वतःची निवडणूक. फोर्ट लॉडरडेलच्या न्यायालयातल्या एका दालनात, गणवेशातल्या पोलिसांना मागे उभं करून, गव्हर्नरांनी जाहीर केलं की बेकायदा मतदानासाठी वीस जणांना पकडण्यात येत आहे. सरकारी कार्यक्रम होता, पण तारीख आणि जागा निवडणुकीची भाषा बोलत होती. पकडलेल्यांना पूर्वी खून किंवा लैंगिक गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली होती, म्हणून दुरुस्तीचा लाभ त्यांना नव्हता, हे खरं. मात्र त्यांनी नोंदणीचे अर्ज उघडपणे भरले होते आणि त्यांना मतदार ओळखपत्रं दिली होती ती सरकारी यंत्रणेनेच. पुढे पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातली चित्रफीत प्रसिद्ध झाली. दारात हातकड्या घातल्या जात असताना ही माणसं गोंधळून विचारत होती, की मत देता येत नव्हतं तर नोंदणी झालीच कशी. पोलीसही काही ठिकाणी चाचरताना दिसतात. त्यातले कित्येक खटले खालच्या न्यायालयांनी फेटाळले. पण मत द्यायला गेलं तर पुन्हा बेड्या पडू शकतात, हा संदेश पोचायचा तो पोचला. ज्यांना हक्क खरोखर परत मिळाला होता, त्यांच्यापर्यंतही पोचला.

नोकरी, घर, शिक्षण हे प्रश्न पोटाचे, मताचं एवढं काय, असा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. पोटाचा प्रश्न किती बिकट आहे, हे समाजशास्त्रज्ञ देवा पेजर यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. मिलवॉकी शहरात त्यांनी सारख्याच पात्रतेच्या तरुणांना साध्या नोकऱ्यांसाठी साडेतीनशे ठिकाणी पाठवलं. कोणी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा भोगल्याचं सांगायचं, कोणी नाही. निष्कलंक गोऱ्या उमेदवारांना ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं, शिक्षा सांगणाऱ्या गोऱ्यांना १७ टक्के. निष्कलंक कृष्णवर्णीयांना १४ टक्के आणि शिक्षा सांगणाऱ्या कृष्णवर्णीयांना अवघे ५ टक्के. न्यायाधीशाने सुनावलेली शिक्षा संपते, अर्जावरच्या एका चौकोनात खूण करताना ती पुन्हा सुरू होते. या भिंतीला भगदाड पाडण्याचे प्रयत्न झाले: जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २००४ च्या संसदेपुढच्या भाषणात सुटणाऱ्या कैद्यांना आधार देण्याची हाक दिली आणि २००८ मध्ये ‘सेकंड चान्स’ कायद्यावर सही केली. ट्रम्प यांच्या काळात २०१८ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून शिक्षा सौम्य करणारा कायदा केला. पेन्सिल्व्हेनियाने त्याच वर्षी किरकोळ जुन्या नोंदी आपोआप झाकण्याची पद्धत आणली. पण ही सगळी सुधारणा वरून दिलेल्या दयेवर चालली, तर पुढच्या निवडणुकीत एखादा हॉर्टन सापडताच ती मागे घेतली जाते. पेल ग्रँटचं तेच झालं. ज्यांचं नुकसान होणार होतं, त्यांच्याकडे विरोधात टाकायला मत नव्हतं. नोकरी आणि शिक्षणाचे कायदे टिकायचे असतील, तर ते मागणारा मतदार हवा. त्या अर्थाने मत हाही पोटाचाच प्रश्न आहे.

मत देणारा माणूस गुन्ह्यापासून दूर राहतो का? ख्रिस्तोफर उगेन आणि जेफ मँझा यांनी मिनेसोटातल्या नोंदी तपासल्या. आधी कधी अटक झालेल्यांमध्ये, १९९६ मध्ये मतदान केलेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना पुढच्या चार वर्षांत अटक झाली, न केलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना. मतदान केल्यामुळेच हा फरक पडला, असं यावरून म्हणता येत नाही. ज्याचं बस्तान बसलेलं आहे तो माणूस मतदानालाही जातो आणि गुन्ह्यापासूनही लांब राहतो, हे उघड आहे. पण उलट बाजू तपासली तर प्रश्न सुटतो. मत काढून घेतल्याने गुन्हे कमी होतात, असं दाखवणारा पुरावा कुठे आहे? कोणी गुन्हा करण्याआधी मतदार यादीतून नाव जाईल या भीतीने थांबत नाही. बंदीने समाज सुरक्षित होत नसेल, तर तिचं समर्थन फक्त शिक्षा म्हणून करावं लागेल, आणि शिक्षा किती असावी हे ठरवण्याचं काम न्यायाधीशाचं आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, ज्याची आयुष्याची पुंजी लुटली गेली, त्याच्यापुढे संधीची भाषा करणं कठोर वाटतं. हा आक्षेप बाजूला सारू नये. पण पीडिताला हवं असतं ते सत्य, भरपाई आणि पुन्हा असं घडणार नाही याची हमी. गुन्हेगाराचं मत काढून घेतल्याने यातलं काय मिळतं? फ्लोरिडाचा कायदा भरपाईचं नाव घेतो, पण पीडिताला द्यायची रक्कम आणि न्यायालयाच्या खर्चासाठी लावलेलं शुल्क एकाच पोत्यात घालतो. भरपाई वसूल व्हायलाच हवी. त्यासाठी पगारातून कपात, जप्ती असे दिवाणी मार्ग आहेत आणि ते वापरावेत. श्रीमंत दोषी एका धनादेशात मोकळा होतो आणि गरीब दोषी मत गमावून बसतो, याने पीडिताचं समाधान होत नाही, न्यायाचा तोल तेवढा जातो. कायदा मोडणाऱ्याने कायदा करणाऱ्यांना का निवडावं, असंही विचारलं जातं. ज्याने शिक्षा पूर्ण केली, जो कर भरतो, ज्याची मुलं शाळेत जातात, त्याच्यावर कायदे चालतातच. त्याच्यावर चालणाऱ्या कायद्यात त्याचा आवाज असणं हे लोकशाहीचं किमान तत्त्व आहे.

दुसरा आक्षेप हॉर्टनचा: विश्वास टाकला आणि दगा झाला तर? दगा कधीतरी होणारच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण धोरण एका प्रकरणावर नाही, प्रमाणावर ठरवावं लागतं. आल्फ्रेड ब्लमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी न्यूयॉर्क राज्यात १९८० मध्ये पहिल्यांदा अटक झालेल्यांच्या नोंदींचा २००९ मध्ये अभ्यास मांडला. त्यानंतर पुन्हा अटक न होता काही वर्षं गेली, की अशा माणसाकडून असलेला धोका त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतका खाली येतो. अठराव्या वर्षी जबरी चोरीत पकडलेल्यांच्या बाबतीत हा काळ पावणेआठ वर्षांच्या आसपास, घरफोडीत चारच्या आसपास. म्हणजे धोका कायमचा चिकटत नाही, तो ओसरतो. बंदी मात्र काही राज्यांत जन्मभराची असते. विश्वासाचा हा हिशेब मराठी वाचकाला परका नाही. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली, तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले आणि व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ला प्रेरणा मिळाली ती त्याच प्रयोगातून.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आहे आणि तो जोरकस आहे: गुन्हेगारांनी राजकारण आधीच व्यापलंय, त्यांना आणखी वाट कशाला? इथे सत्ता मागणारा आणि मत मागणारा यांची गल्लत होते. अमेरिकेच्या घटनेत शिक्षा झालेल्याला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायला बंदी नाही. समाजवादी नेते यूजीन डेब्स १९२० मध्ये अटलांटाच्या तुरुंगातून, समर्थक कैदी क्रमांक ९६५३ असा बिल्ला मिरवत असताना, उभे राहिले आणि नऊ लाखांहून अधिक मतं मिळवून गेले. डोनाल्ड ट्रम्प यांना मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने ३४ आरोपांत दोषी ठरवलं. नोव्हेंबरात त्यांनी फ्लोरिडात मतही दिलं, कारण शिक्षा ज्या राज्यात झाली तिथला नियम फ्लोरिडा मानतो आणि न्यूयॉर्कमध्ये तुरुंगात नसलेल्याला मत असतं. पण फ्लोरिडाच्याच न्यायालयात दोषी ठरलेल्या, शुल्क थकलेल्या मजुराला मत नाही. भारतातही मांडणी अशीच उलटी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही, मग तो दोषी न ठरलेला कच्चा कैदी असला तरी. आणि आपल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदीच आहेत. तुरुंगातून निवडणूक लढवता मात्र येते, आणि २०२४ च्या लोकसभेत तसे दोघं निवडूनही आले. इतरांवर सत्ता चालवू पाहणाऱ्याची कसून छाननी व्हावी. दोन वर्षं वा अधिक शिक्षा झालेल्याला उमेदवारीपासून दूर ठेवणारा आपला नियम म्हणूनच योग्य आहे. पण मत देणारा कोणावर सत्ता चालवत नाही. राजकारणाचं गुन्हेगारीकरण रोखायचं तर कात्री उमेदवारीला लावायला हवी, मतदार यादीला नव्हे. आणि शिक्षा झालेले गठ्ठ्याने मतं देतील ही भीतीही अनाठायी आहे. फ्लोरिडात चौदा लाखांना हक्क देण्याचा निर्णय झाल्यावरही ते राज्य रिपब्लिकन पक्षाकडे अधिकच झुकलं.

शेवटचा आक्षेप या लेखाच्या विषयालाच हात घालतो. ईस्टर्न स्टेटला आलेल्या तिघांपैकी एकालाही त्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळाली नाही. डीसँटिस मात्र २०२२ मध्ये १९ टक्क्यांच्या फरकाने जिंकले. मग जागेचा एवढा विचार कशाला? कठोर चित्राला अजूनही मतं मिळतात, हे मान्यच करावं लागेल. पण त्यावरून जागा निरर्थक ठरत नाही. फ्लोरिडाचे तेच मतदार २०१८ मध्ये दुरुस्तीच्या बाजूने उभे राहिले, कारण तेव्हा प्रचार करणारी माणसं त्यांच्या शेजारची होती: शिक्षा भोगून आलेला भाऊ, सहकारी, चर्चमधला ओळखीचा माणूस. ती आपल्या तोंडाने बोलत होती. २०२२ मध्ये तीच माणसं पकडले गेलेले आकडे म्हणून आली आणि लोकांनी भय पाहिलं. लोकांचं मन एकच होतं. त्यांच्यापुढे काय ठेवलं, ते वेगळं होतं. म्हणून जागेची निवड हा नीतीचा प्रश्न आहे, आणि तो उमेदवाराच्या सदसद्विवेकावर सोपवून चालत नाही. तुरुंगात फोटो काढणाऱ्या प्रत्येक नेत्याला वाचकांनी आणि पत्रकारांनी दोन गोष्टी विचाराव्यात: या माणसांशी तुम्ही बोललात का, आणि सुटल्यावर त्यांना मत देता यावं यासाठी तुम्ही काय करणार? कायद्याने करायचं काम साधं आहे. तुरुंगाचं दार उघडलं की मतदार यादीत नाव यावं, त्याला ना अर्ज असावा, ना थकबाकीची अट. आणि ज्याचा गुन्हा सिद्धच झालेला नाही त्याच्या कोठडीपर्यंत मतपत्रिका पोचावी. असं झालं की उमेदवार तुरुंगाच्या दारात जाईल तो मतं मागायला जाईल, आणि मतं मागायला आलेल्याला उत्तरं द्यावी लागतात.